दोष कधी कळला? गाड्यांच्या रिकॉलवर वाचकांचे प्रश्न

सुरक्षेतला दोष सापडला की कंपनी गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावते. या रिकॉलबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा रोख यंत्रापेक्षा माणसांवर आहे : लोक का चिडतात, पुढारी का ओरडतात, आणि त्या आरडाओरड्यातून हाती काय लागतं. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेतली आणि एक जपानमधलं आहे, कारण तिथल्या सुनावण्या आणि खटले सगळ्यांसमोर झाले.

प्रश्न : कंपनी स्वतःहून दोष कबूल करते आणि लोक तिच्यावरच तुटून पडतात. मग उद्या कोणती कंपनी खरं सांगेल?

रिकॉल जाहीर केला म्हणून चिडणं चुकीचं आहे, याबद्दल आम्ही तुमच्याशी सहमत आहोत. हजारो सुटे भाग आणि डझनावारी पुरवठादार असलेल्या वस्तूत कधी ना कधी दोष निघणारच. पण मोठी प्रकरणं उघडून पाहिली तर लोकांचा राग रिकॉलवर नव्हता. कंपनीला दोष कधी कळला आणि तिने तो कधी सांगितला, या दोन तारखांमधल्या अंतरावर तो होता. अमेरिकी कायद्यानुसार सुरक्षेतला दोष ठरल्यापासून पाच कामाच्या दिवसांत कंपनीने वाहतूक सुरक्षा प्रशासनाला, म्हणजे एनएचटीएसएला कळवावं लागतं. सगळी भांडणं या पाच दिवसांची सुरुवात कुठून धरायची यावर होतात.

जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचचं प्रकरण पाहा. शेव्हर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्याच घडणीच्या इतर गाड्यांत किल्ली फिरवण्याचा जो स्विच होता, त्यातली स्प्रिंग आणि तिच्यावर बसणारा छोटा दट्ट्या पुरेसा जोर धरत नव्हता. किल्लीला जड जुडगा लटकवलेला असेल, रस्त्यात खड्डा लागला किंवा गुडघ्याचा धक्का बसला, तर किल्ली 'रन'वरून 'अॅक्सेसरी'वर सरकायची. इंजिन बंद. स्टेअरिंगची आणि ब्रेकची मदत गेली. आणि सर्वांत वाईट म्हणजे गाडी बंद आहे असं समजून एअरबॅग उघडायच्याच नाहीत. गाडी आपटायची तेव्हा माणसाला वाचवणारी शेवटची गोष्टही झोपलेली असायची.

कंपनीत याच्या तक्रारी २००५ पर्यंत पोचलेल्या होत्या. पण चालत्या गाडीचं इंजिन बंद पडणं ही सुरक्षेची नव्हे, ग्राहकाच्या सोयीची बाब आहे, अशा खात्यात ती टाकली गेली. २००६ मध्ये स्विचमधला दट्ट्या आणि स्प्रिंग गुपचूप बदलली गेली आणि भागाचा क्रमांक मात्र जुनाच ठेवला गेला. यंत्राच्या कामात हे पाप आहे. क्रमांक तोच राहिला की जुना भाग आणि नवा भाग कागदावर एकच दिसतात. पुढच्या सालच्या गाड्यांत त्रास कमी का झाला, हे शोधणारा कंपनीतला तपासनीसही त्यामुळे चकतो. शेवटी नुकसानभरपाईच्या एका खटल्यात बाहेरच्या अभियंत्याने नवा स्विच विकत आणला, अपघातातल्या गाडीचा स्विच शेजारी ठेवला, दोन्ही उघडले आणि फरक मोजला. रिकॉल आला तो फेब्रुवारी २०१४ मध्ये. कंपनीने नेमलेल्या भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

त्या वर्षी १ एप्रिलला कंपनीच्या प्रमुख मेरी बारा काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर बसल्या. त्यांना सगळ्यांत जास्त टोचलेला आकडा ५७ सेंटचा होता : सुधारलेल्या भागाचा एका गाडीमागचा वाढीव खर्च. आम्हाला त्या आकड्यापेक्षा न बदललेला भाग क्रमांक जास्त महत्त्वाचा वाटतो. पैसे वाचवणं वाईट आहेच, पण सुधारणा करून ती कागदावर न दाखवणं म्हणजे पुढच्या प्रत्येक चौकशीचा रस्ता बंद करणं.

जपानमध्ये मित्सुबिशी मोटर्सवर लोक चिडले तेही याच कारणाने. २००० साली कंपनीने कबूल केलं की १९७७ पासून ग्राहकांच्या तक्रारी दोन ठिकाणी ठेवल्या जात होत्या. काही सरकारी तपासणीला दाखवायच्या, बाकीच्या लपवायच्या. त्या कबुलीनंतरही सवय गेली नाही. जानेवारी २००२ मध्ये योकोहामात त्यांच्या एका ट्रकचं चाक निखळलं आणि पायी चाललेल्या एका तरुण आईचा जीव गेला. कंपनी दोन वर्षं म्हणत राहिली की मालकाने देखभाल नीट केली नाही. २००४ मध्ये तिने मान्य केलं की चाकाचा हबच कमी मजबूत होता. अधिकाऱ्यांना अटक झाली ती यानंतर.

म्हणून कोणत्याही रिकॉलची बातमी वाचताना गाड्यांचा आकडा आधी पाहू नका. घटनाक्रम पाहा. एनएचटीएसएकडे दिलेल्या दोष अहवालात पहिली तक्रार कधी आली, भाग तपासणीला कधी गेला, निर्णय कधी झाला, हे तारखांसह लिहिलेलं असतं. पहिली तक्रार आणि निर्णय यांत काही महिने गेले असतील आणि त्या काळात चाचण्या झालेल्या दिसत असतील, तर ती कंपनी आपलं काम करते आहे.

प्रश्न : २०१० मध्ये टोयोटाला अमेरिकेत जे सोसावं लागलं ते राजकारण होतं असं जपानी मित्र सांगतात. खरं काय?

राजकारण होतं, आणि दोषही होता. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही.

आधी दोष. त्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि त्या बातम्यांत कायम एकत्र झाल्या. पहिली फ्लोअर मॅटची. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन दिएगोजवळ डीलरकडून वापरायला मिळालेल्या टोयोटाच्याच एका लेक्सस गाडीत दुसऱ्या मॉडेलची जाड रबरी मॅट बसवलेली होती. अॅक्सिलरेटर तिच्यात अडकला आणि एका कुटुंबातल्या चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर ३८ लाख गाड्यांना इशारा गेला. उपाय म्हणून पेडलची खालची बाजू कापून आखूड केली, मॅट बदलल्या आणि अनेक मॉडेलांत ब्रेकला वरचढ ठरवणारं सॉफ्टवेअर घातलं : दोन्ही पेडल दाबली गेली तर इंजिनाने ब्रेकचं ऐकायचं.

दुसरी गोष्ट चिकटणाऱ्या पेडलची. पायाला जुन्या तारेच्या पेडलसारखा दाब जाणवावा म्हणून इलेक्ट्रॉनिक पेडलमध्ये मुद्दाम घर्षण देणारा भाग बसवतात. एका पुरवठादाराच्या पेडलमध्ये तो भाग झिजून आणि दमटपणामुळे अडकत होता, त्यामुळे पेडल सावकाश वर यायचं किंवा मध्येच थांबायचं. उपाय अगदी साधा निघाला : पोलादाची एक छोटी पट्टी आत सरकवून दोन पृष्ठभागांतली फट वाढवायची. २१ जानेवारी २०१० ला यासाठी २३ लाख गाड्या बोलावल्या गेल्या आणि पाच दिवसांनी आठ मॉडेलांची विक्रीच थांबवली गेली.

आता तारखा. याच पेडलच्या दुरुस्तीच्या सूचना युरोपातल्या वितरकांना २९ सप्टेंबर २००९ ला गेल्या होत्या. म्हणजे युरोपात जे माहीत होतं ते अमेरिकेत जवळजवळ चार महिने सांगितलं गेलं नाही. एप्रिल २०१० मध्ये लावलेला १ कोटी ६४ लाख डॉलरचा दंड या चार महिन्यांचा होता, आणि त्या वेळी कायद्याने त्याहून जास्त दंड लावताच येत नव्हता.

आणि आता राजकारण. तेव्हा अमेरिकी सरकारकडे जनरल मोटर्सची सुमारे ६० टक्के मालकी होती. दिवाळखोरीतून वाचवलेल्या कंपनीचा मालक तिच्या स्पर्धकाची चौकशी करतो आहे, हे चित्र जपानला खटकणं स्वाभाविक होतं. ३ फेब्रुवारीला वाहतूक मंत्री रे लाहूड यांनी समितीसमोर मालकांना गाडी चालवणं थांबवा असं सांगितलं आणि त्याच दिवशी आपण चुकीचं बोललो म्हणून ते मागे घेतलं. लाखो घरांत त्या काही तासांत काय गोंधळ झाला असेल! जबाबदार पदावरच्या माणसाने यातून एवढं तरी शिकावं की 'थांबवा', 'जपून चालवा' आणि 'वेळ मिळाल्यावर दाखवून घ्या' या तीन वेगळ्या सूचना आहेत.

दुसरी बाजूही तितकीच राजकीय होती. केंटकी, इंडियाना, अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांच्या गव्हर्नरांनी टोयोटाला न्यायाने वागवा असं पत्र काँग्रेसला लिहिलं. चारही राज्यांत टोयोटाची गुंतवणूक आणि नोकऱ्या होत्या. २४ फेब्रुवारीला कंपनीचे अध्यक्ष अकिओ टोयोडा यांनी समितीसमोर माफी मागितली, तेव्हा कोण कठोर बोललं आणि कोण मवाळ, हे पुष्कळदा कारखाने कुठे आहेत यावरून ओळखता येत होतं.

प्रश्न : पण टोयोटाच्या त्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गाडी आपोआप पळवणारं भूत होतं की नव्हतं? यावर अजून भांडणं होतात.

एनएचटीएसएने नासाच्या अभियंत्यांना कामाला लावलं. दहा महिन्यांनी, फेब्रुवारी २०११ मध्ये, त्यांनी सांगितलं की आपोआप मोठा वेग घेण्यास कारण ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने मात्र सॉफ्टवेअरबद्दलची तज्ज्ञांची साक्ष ऐकून कंपनीविरुद्ध निकाल दिला, आणि त्यानंतर तडजोड झाली. 'सापडला नाही' आणि 'नाहीच' यांत अंतर आहे, हे लक्षात ठेवून दोन्ही निकाल वाचावेत. पण मार्च २०१४ मध्ये कंपनीने १२० कोटी डॉलर भरले ते कशासाठी? मॅट आणि पेडल यांबद्दल ग्राहकांची आणि सरकारची दिशाभूल केल्याबद्दल. लोक चार वर्षं चिपमधलं भूत शोधत होते, आणि कंपनीने कबूल केलेली चूक रबर आणि प्लॅस्टिक यांच्याबद्दल गप्प राहण्याची निघाली.

तक्रारींच्या आकड्यांबद्दल सावध राहा. बातमी गाजली की तक्रारी एकदम वाढतात. त्यांतल्या काही अगदी खऱ्या आणि जुन्याच असतात, आता कुणाला तरी कळवावं असं वाटलेल्या. काही घाबरलेल्या माणसाच्या असतात. ऑडी ५००० च्या बाबतीत हेच घडलं होतं. नोव्हेंबर १९८६ मध्ये दूरचित्रवाणीच्या एका गाजलेल्या कार्यक्रमात गाडी आपोआप धावताना दाखवली गेली. ते दृश्य गिअरबॉक्समध्ये बाहेरून दाब सोडून घडवलेलं होतं. अमेरिकेतली ऑडीची विक्री १९८५ च्या सुमारे ७४,००० वरून १९९१ मध्ये १२,००० च्या आसपास आली. १९८९ च्या सरकारी अहवालाने मुख्य कारण सांगितलं : ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला जाणं. पण त्याच अहवालात इंजिनाचा मंद वेग सांभाळणाऱ्या भागातला बिघाड आणि पेडलची ठेवणही नोंदलेली आहे. गाडी अचानक थोडी पुढे उसळायची, चालक दचकायचा आणि पाय भलत्या पेडलवर पडायचा. तेव्हा 'चालकाची चूक' एवढं म्हणून हात झटकणं हेही अर्धसत्यच. त्या प्रकरणातून आलेला उपाय आज जवळजवळ प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत आहे : ब्रेक दाबल्याशिवाय गिअर 'पार्क'मधून निघत नाही.

अॅक्सिलरेटर अडकलाच तर काय करायचं, हे पाठ असावं. ब्रेक एकदाच, जोरात दाबा आणि दाबून धरा. पुन्हा पुन्हा पंप करू नका. पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, पूर्ण उघडा असताना ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी तयार होत नाही. साठ्यात असते ती एकदोन दाबांत संपते आणि मग पेडल दगडासारखं लागतं. लगेच गिअर न्यूट्रलमध्ये टाका. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. गाडी कडेला थांबल्यावरच इंजिन बंद करा. बटणाने सुरू होणारी गाडी धावत असेल तर अनेक मॉडेलांत बटण नुसतं टिचकावून इंजिन बंद होत नाही, काही सेकंद दाबून धरावं लागतं. तुमच्या गाडीत किती वेळ, ते पुस्तिकेत आजच पाहून ठेवा. आणि मॅटवर मॅट कधीही टाकू नका.

प्रश्न : माणसाच्या जिवाची किंमत काढून फोर्डने आपल्या पिंटो गाडीची इंधनटाकी सुधारली नाही, हे खरं आहे का?

ज्या कागदावर हे सांगितलं जातं तो कागद वेगळाच होता. १९७३ च्या त्या टिपणात गाडी उलटल्यावर इंधन सांडण्याचा विचार होता, आणि तोही एकट्या पिंटोचा नव्हे तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या एकूण सव्वा कोटी मोटारी आणि हलक्या ट्रकांचा. ते सरकारी नियमावर मत देण्यासाठी एनएचटीएसएलाच पाठवलेलं होतं. त्यातली जिवामागे दोन लाख डॉलर ही रक्कमही सरकारच्याच आकडेमोडीतून घेतलेली होती. पिंटोचा प्रश्न मागून बसणाऱ्या धडकेचा होता : टाकी मागच्या बंपर आणि अॅक्सलच्या मध्ये, धडकेत ती पुढे ढकलली जाऊन मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरांच्या डब्याच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या बोल्टांवर आपटायची आणि इंधन भरायची नळी निसटायची.

याचा अर्थ कंपनी निर्दोष होती असा नाही. १९७८ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने साडेबारा कोटी डॉलरचा दंडात्मक निकाल दिला. न्यायाधीशांनी तो ३५ लाखांवर आणला. जूनमध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. आणि उपाय काय होता? टाकी आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये प्लॅस्टिकचं संरक्षक आवरण आणि भरण्याची नळी थोडी लांब. इतक्या साध्या दुरुस्तीला सात वर्षं लागली, हा खरा आरोप आहे आणि तो पुरेसा गंभीर आहे. चुकीच्या कागदाचा आधार घेतला की कंपनीच्या वकिलाला तो कागद खोडून काढणं सोपं जातं आणि खरा आरोपही त्यासोबत वाहून जातो.

प्रश्न : संसदेत सुनावण्या होतात, कॅमेऱ्यासमोर खडे बोल ऐकवले जातात. त्यातून एक तरी ठोस गोष्ट बदलली का?

बदलली. मुळात १९६६ चा वाहन सुरक्षा कायदाच एका सुनावणीमुळे वेगाने पुढे गेला. गाड्यांच्या सुरक्षेवर टीका करणारे वकील राल्फ नेडर यांच्यामागे जनरल मोटर्सने खासगी हेर लावले होते. ते उघड झालं आणि मार्चमध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटसमोर माफी मागावी लागली. सप्टेंबरमध्ये कायद्यावर सही झाली.

सर्वांत झटपट निकाल लागला तो फायरस्टोन टायरांचा. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरच्या टायरांची नक्षीची पट्टी भर वेगात आतल्या पोलादी पट्ट्यांपासून सुटत होती आणि गाडी उलटत होती. एनएचटीएसएने पुढे २७१ मृत्यू या टायरांशी जोडले. टायर कंपनी म्हणायची गाडी उलटण्याजोगी आहे, गाडीवाले म्हणायचे टायर वाईट आहेत. हवेच्या दाबावरूनही वाद : फोर्डची शिफारस २६ पीएसआय, फायरस्टोनचं म्हणणं ३०. हवा कमी, भार जास्त आणि ऊन कडक असेल तर टायर वाकून वाकून तापतो आणि थरांमधली पकड सुटते, त्यामुळे हा चार पीएसआयचा फरक क्षुल्लक नव्हता. ९ ऑगस्ट २००० ला ६५ लाख टायरांचा रिकॉल झाला आणि १ नोव्हेंबरला नवा कायदा अस्तित्वात आला. तीन महिनेसुद्धा लागले नाहीत!

त्या कायद्यातली तीन कलमं प्रत्यक्ष उपयोगाची ठरली. सौदी अरेबियात आणि व्हेनेझुएलात असे टायर आधीच बदलून दिले जात होते आणि अमेरिकी यंत्रणेला ते कळवण्याचं बंधन नव्हतं. आता परदेशातली मोहीमही पाच कामाच्या दिवसांत कळवावी लागते. दुसरं, मृत्यू, जखमा, वॉरंटी दावे आणि तक्रारी यांची माहिती कंपन्यांनी नियमितपणे पुरवायची. तिसरं, डॅशबोर्डवरचा टायरमधली हवा कमी झाल्याचा दिवा. तो लागला की त्याच दिवशी हवा तपासा, दोन आठवड्यांनी नव्हे.

२०१५ च्या कायद्याने एका प्रकरणातल्या दंडाची मर्यादा साडेतीन कोटींवरून साडेदहा कोटी डॉलरवर नेली. भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना रिकॉलची दुरुस्ती झाल्याशिवाय गाडी देता येणार नाही, हे कलमही त्यातच आलं. त्यामागे २००४ मध्ये अशाच भाड्याच्या गाडीत दोन मुली गमावलेल्या एका आईचा अनेक वर्षांचा पाठपुरावा आहे, आणि आम्हाला या साऱ्या इतिहासात त्याइतकं आदराने सांगावंसं दुसरं काही वाटत नाही. त्याच कायद्याने दोष उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला दंडातला १० ते ३० टक्के वाटा देण्याची सोय केली. ह्युंदाईचे अभियंते किम ग्वांग-हो यांना इंजिनांतला दोष कळवल्याबद्दल २०२१ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. एक माणूस आतून बोलला तर दहा सुनावण्यांचं काम होतं.

प्रश्न : टाकाटा या जपानी कंपनीच्या सदोष एअरबॅग आधी फक्त दमट राज्यांत बदलायचं ठरलं होतं. ही लबाडी नव्हती का?

त्यामागे शास्त्र होतं, आणि तरीही लोकांचा संताप योग्य होता. एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत टाकाटाने अमोनियम नायट्रेट वापरलं आणि अनेक डब्यांत ओल शोषणारं द्रव्य घातलं नाही. वर्षानुवर्षं ओल आणि गरम-थंडीचे फेरे सोसून त्याच्या गोळ्या भुसभुशीत होतात. पृष्ठभाग वाढला की ते फार भराभर जळतं, डबीतला दाब मर्यादेपलीकडे जातो आणि डबीचेच तुकडे उडतात. वाचवणारी वस्तूच मारते. म्हणून धोका जुन्या आणि उष्ण दमट भागातल्या गाड्यांना सर्वांत जास्त. जून २०१४ मध्ये फ्लोरिडा, हवाई, पोर्टो रिको अशा ठिकाणांपासून सुरुवात झाली, कारण भागही कमी होते.

पण गाडी विकली जाते, घर बदलतं, गाडी राज्याबाहेर जाते. त्या यादीबाहेरच्या नॉर्थ कॅरोलायनातही डबी फुटल्याची घटना निघाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिनेटमध्ये सुनावणी झाली, सरकारने देशभर रिकॉल मागितला, टाकाटाने डिसेंबरमध्ये नकार दिला आणि मे २०१५ मध्ये मान तुकवली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या बदलायच्या ठरल्या. तिथल्या इतिहासातला हा सर्वांत मोठा रिकॉल. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने फसवणुकीचा गुन्हा कबूल करून १०० कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं आणि जूनमध्ये ती दिवाळखोरीत गेली. होंडाने या दोषासाठी केलेला पहिला छोटा रिकॉल नोव्हेंबर २००८ चा होता. मधल्या वर्षांकडे पाहा.

प्रश्न : सॉफ्टवेअर आपोआप बदललं जातं त्यालाही रिकॉल का म्हणायचं?

इलॉन मस्क यांची हीच तक्रार आहे. पण कायद्याच्या भाषेत रिकॉल म्हणजे गाडी ओढून नेणं नव्हे. सुरक्षेतला दोष नोंदवणं, मालकाला कळवणं आणि तो फुकट दूर करणं म्हणजे रिकॉल. दुरुस्ती पान्याने होते की वायफायने, हा पुढचा प्रश्न. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने ऑटोपायलट या चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेसाठी २० लाखांहून अधिक गाड्यांचा असा रिकॉल केला आणि चारच महिन्यांत ती दुरुस्ती पुरेशी आहे का हे तपासायला एनएचटीएसएने नवी चौकशी उघडली. शब्द काढून टाकला असता तर ही दुसरी तपासणी कशाच्या आधारावर झाली असती? मालकाने एवढंच करायचं : अपडेट खरोखर बसला का, हे आवृत्तीचा क्रमांक पाहून ताडायचं.

प्रश्न : रिकॉलचं पत्र आलं, पण डीलर म्हणतो भाग आलेले नाहीत. गाडी चालवायची का?

पत्रातला धोक्याचा परिच्छेद शब्दशः वाचा. 'चालवू नका' असं लिहिलं असेल तर खरंच चालवू नका. गाडी ओढून नेण्याची किंवा बदली गाडीची सोय लेखी मागा. २००१ ते २००३ च्या काही होंडा आणि अॅक्युरा गाड्यांतल्या टाकाटा डब्या चाचणीत निम्म्यापर्यंत फुटल्या होत्या, म्हणून २०१६ मध्ये त्या मालकांना असाच आदेश दिला गेला. आग लागण्याचा धोका असेल तर गाडी घराला चिकटून किंवा बंद गॅरेजमध्ये लावू नका.

पत्राची वाटही पाहू नका. गाडीचा १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात आणि दाराच्या खांबावरच्या चिकटपट्टीवर असतो. तो कंपनीच्या किंवा सरकारी संकेतस्थळावर टाका. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे तसं दिसलं तर तो एक किंवा शून्य समजा. जुनी गाडी घेताना हे नक्की करा, कारण पत्रं आधीच्या मालकाच्या पत्त्यावर जात राहतात. मध्यंतरीची दुरुस्ती आणि कायमची दुरुस्ती वेगळी असते : टाकाटाच्या काळात काही गाड्यांत जुन्याच प्रकारची नवी डबी बसवली गेली आणि ती पुन्हा बदलावी लागली. कामाच्या कागदावर यांपैकी काय झालं ते लिहून घ्या. दोष स्वखर्चाने आधीच दुरुस्त केला असेल तर पावती जोडून परतावा मागा, अनेक रिकॉलमध्ये तो मिळतो.

प्रश्न : आमच्या गाडीत दोष आहे, पण रिकॉल नाही. तक्रार कशी लिहावी म्हणजे कुणी वाचेल?

'गाडी अचानक बंद पडते' एवढ्यावर कुणीही तपास करू शकत नाही. ओळख क्रमांक, तारीख, मीटरवरचे किलोमीटर, वेग, गिअर, चढ की उतार, इंजिन गरम की थंड, पाऊस होता का, कोणते दिवे लागले, किल्लीला काय लटकलेलं होतं, पायाखाली कोणती मॅट होती, हे लिहा. आधी काय घडलं आणि नंतर काय, तो क्रम लिहा. कारण काय असावं हे लिहायचं असेल तर शेवटी, वेगळ्या परिच्छेदात. कंपनीला आणि सरकारी यंत्रणेला, दोघांनाही पाठवा. कंपनीकडची तक्रार तुमच्या नजरेआड जाते, सरकारी नोंद इतरांना सापडते.

भाग बदलला तर जुना भाग परत मागा. वॉरंटीत तो कंपनीकडे जातो, तेव्हा निदान फोटो काढा : भागाचा क्रमांक, पुरवठादाराचं चिन्ह आणि बनावटीची तारीख स्पष्ट दिसेल असा. नव्या भागाचाही तसाच फोटो काढा. क्रमांक सारखा असला तरी दोन्ही शेजारी ठेवून स्प्रिंग, दट्ट्या, खाच यांत फरक दिसतो का ते पाहा, आणि दिसला तर तक्रारीत तो मापासह लिहा.